‘पाव इंच, सव्वीस आटे’ एवढ्यावर टॅप घेऊ नका

घणसोलीच्या सदस्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं: भंगारातून जुना ब्रिटिश बेंच लेथ घेतला. कव्हरचे स्टड आणि क्रॉस-स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) पट्टीचे स्क्रू खराब झालेत. व्यास ‘साधारण ६’ भरतो, पिच गेजचं (दोन शेंड्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायच्या दातेरी पानांचं) १ मिमीचं पान बसतंय. दुकानदार म्हणतो, एम६ (६ मिमी मेट्रिक) आटे मारून टाका. आता ४० नगांचा स्वस्त टॅप-डाय संच (टॅप भोकात आटे पाडतो, डाय स्टडवर) घ्यावा, की परदेशातून एकच डाय मागवावा?

दोन्ही नको. का ते सांगतो. तेल लावा, आटे सरळ धरा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

आधी त्या ‘साधारण ६’ बद्दल. या मापाच्या आसपास चार वेगवेगळे आटे शेजारी राहतात आणि बारीक बोल्ट जाडाच्या नटात पहिल्या दोन फेऱ्या सहज जातो. एम६: व्यास ६, पिच १ मिमी, आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश. ०बीए (ब्रिटिश असोसिएशन): व्यास ६, पिच १ मिमी, पण कोन साडेसत्तेचाळीस. पाव इंच बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन): व्यास ६.३५, इंचाला २६ आटे, कोन ५५. आणि पाव इंच सायकल आटा, ज्याला कुणी बीएससी म्हणतं, कुणी सीईआय: व्यास तोच ६.३५, आटे तेच २६, पण कोन ६०. इंचाला २६ म्हणजे ०.९७७ मिमी पिच. तीन-चार आट्यांवर १ मिमीचं पान ठेवलं तर ते ‘बसतं’च. तिथेच फसगत होते.

म्हणून पान बाजूला ठेवा आणि व्हर्निअर घ्या. आट्याच्या पहिल्या शेंड्यापासून अकराव्या शेंड्यापर्यंत मोजा. दहाव्यापर्यंत मोजलंत तर नऊच पिच होतात, ही चूक भलेभले करतात. १०.० आलं तर १ मिमी. ९.७७ आलं तर २६ आटे. ९.०७ आलं तर २८, म्हणजे यूएनएफ (अमेरिकी बारीक आटा). स्टडवर अकरा शेंडे धड नसतील तर सहाव्यापर्यंत मोजा, तिथे ५.० आणि ४.८८ असा फरक दिसेल. व्यास नटाखाली दडलेल्या, न झिजलेल्या भागावर घ्या. ६.१ किंवा ६.२ भरला तर तो एम६ही नाही आणि ०बीएही नाही. आटा झिजून बारीक होतो, जाड होत नाही.

पान्यावरूनही अंदाज येतो. एम६ च्या डोक्याला १० चा पाना घट्ट बसतो. ०बीएचं डोकं साडेदहाचं, म्हणजे १० चा जात नाही आणि ११ चा सैल होतो. पाव इंच बीएसएफचं ११.३, तिथे ११ चा जात नाही आणि १२ चा गरगर फिरतो. अर्थात कुणीतरी मध्ये बोल्ट बदललेला असू शकतो, म्हणून पान्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर जरा लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. व्यास ६.३५ आणि आटे २६ हे पक्कं झालं की माणूस निश्चिंत होतो आणि ‘१/४ × २६’ लिहिलेला टॅप मागवतो. कोन विचारत नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या पानावर एवढंच लिहिलेलं असतं, हाती येतो तो सायकल आट्याचा टॅप, आणि भोक असतं बीएसएफचं. टॅप आत जातो. अगदी लोण्यासारखा जातो, वरून बारीक चुराही पडतो, आणि वाटतं की गंज निघतोय. तो गंज नसतो, मशीनचं बीड (ओतीव लोखंड) असतं.

कारण साधं आहे. बीएसएफचा आटा खोल, सुमारे ०.६३ मिमी. सायकल आटा उथळ, ०.५२ मिमी. बाहेरचा व्यास दोघांचा एकच, त्यामुळे मधला व्यास, जिथे आटे खऱ्या अर्थाने एकमेकांना टेकतात, तो सायकल आट्यात ०.१ मिमीने मोठा. म्हणजे सायकलचा टॅप बीएसएफच्या भोकाच्या भिंती ०.१ मिमीने तासून काढतो. नंतर मूळ बीएसएफचा स्टड घातला की तो डुलतो, कोन वेगळा असल्याने पूर्ण बाजूने न टेकता एका रेषेवर टेकतो, आणि लेथच्या थरथरीने रोज सैल होतो. डायची चूक झाली तर स्टड टाकून नवा करता येतो. टॅपची चूक झाली तर भोक कायमचं गेलं, आणि भोक असतं मशीनच्या बॉडीत. टॅपच्या बाबतीत कंजूषपणा नको, घाई तर मुळीच नको.

आणि त्या विक्रेत्याचं काय? ‘पाकीट उघडलं आहे, परत घेता येणार नाही.’ अहो, पाकीट न उघडता टॅपवर कोरलेलं वाचायचं कसं! हेल्पलाइनवर कोन विचारला तर उलट प्रश्न आला, ‘सर, गाडीचं मॉडेल कोणतं?’ असो. तेव्हापासून नियम एकच: ज्या जाहिरातीत बीएसएफ, बीएससी असं कुळाचं नाव लिहिलेलं नाही, ती वस्तू घ्यायची नाही, फुकट दिली तरी.

कोन तपासायला व्हिटवर्थचं (बीएसएफ ज्या ब्रिटिश घराण्यातला, त्याचं), ५५ कोरलेलं पिच गेज लागतं. मेट्रिक गेजवर इंचाचे आकडे छापलेले असले तरी त्याची पानं बहुधा ६० ची असतात. एवढ्या बारीक आट्यावर नुसत्या डोळ्यांनी फट दिसत नाही. सोनाराचं दहापट भिंग घ्या किंवा मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करा, मागे पांढरा दिवा ठेवा. ६० च्या आट्यात ५५ चं पान ठेवलं तर बाजूला प्रकाशाची पाचर दिसते. व्हिटवर्थ घराण्याचे शेंडे गोलसर असतात, पण झिजलेला प्रत्येक आटा गोलसरच असतो, त्यामुळे ती खूण दुय्यम. सगळ्यात भरवशाचं गेज म्हणजे त्याच मशीनवरचा, हातही न लागलेला एखादा मूळ नट. तो जपून ठेवा.

आता पैशाचं. ४० नगांच्या संचात मेट्रिक असतं, फार तर यूएनसी-यूएनएफ. तुमच्या लेथवर लागणारं बीएसएफ, बीएसडब्ल्यू (व्हिटवर्थचा जाड आटा), बीए त्यात एकही नसतं. शिवाय तुम्हाला नवे आटे पाडायचेच नाहीत, असलेले साफ करायचे आहेत. त्यासाठी डाय नट घ्या, षटकोनी असतो तो. पान्याने फिरतो, डाय हँडल लागत नाही. साफसफाईला कार्बन स्टील पुरतं, एचएसएसचे (हाय-स्पीड स्टीलचे) पैसे घालू नका. टॅपचा तीन नगांचा सेट नको, फक्त सेकंड टॅप (सेटमधला मधला) मागा. काही दुकानदार सेट फोडत नाहीत, तर दुसरं दुकान बघा.

त्याहून स्वस्त उपाय: बीएसएफचा चांगला स्टीलचा नट हॅकसॉने एका बाजूने आट्यांपर्यंत चिरा, कडेची बर काढा, आणि तोच स्टडवर तेल लावून फिरवा. भोकासाठी चांगल्या बोल्टला त्रिकोणी कानशीने लांबीत तीन खाचा पाडा. गंज आणि रंग यांना हे पुरतं. वाकलेल्या आट्यांना नाही.

परदेशातून एकच गोल डाय मागवायचा विचार असेल तर आणखी एक खड्डा आहे. ब्रिटिश डायचा बाहेरचा व्यास १३/१६ इंच म्हणजे २०.६ मिमी, किंवा १ इंच म्हणजे २५.४. मेट्रिक हँडल २० आणि २५ चं. डाय अर्ध्या मिलिमीटरने बाहेर राहतो आणि मग हँडलही मागवावं लागतं. वर ड्यूटी, ओळखपत्राची कागदपत्रं आणि कुरिअरची हाताळणी फी. एका डायसाठी हे परवडत नाही.

आधी मुंबईतल्या मशीद स्टेशनला जा. घणसोलीहून वाशीला या, तिथून हार्बरने थेट. ठाण्याचे असाल तर स्लो पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. उतरून नागदेवी स्ट्रीट, हत्यारांची दुकानं तिथे. रविवारी जाऊ नका. दुकानात ‘पाव इंच ब्रिटिश’ म्हणालात तर नळाचा बीएसपी पुढे येईल, तो १३ मिमीच्या वर जाड आणि इंचाला १९ आटे. ‘दोन सूत, बीएसएफ, सव्वीस आटे’ असं म्हणा, मूळ नट काउंटरवर ठेवा, आणि टॅपवर कोरलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना माल चालतो, फक्त दातांच्या टोकावर नख फिरवून पाहा. टवका असेल तर परत करा.

नवे स्टडच हवे असतील तर डाय घेण्याची गरज नाही. वागळे इस्टेट किंवा रबाळ्यात लेथवाल्याकडे चार स्टड वळवून घ्या. तुमचा लेथ चालू स्थितीत असेल आणि लीडस्क्रू (हत्यार लांबीत सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ८ आट्यांचा असेल तर स्वतःच करा: स्पिंडलकडे २० दातांचं गिअर, लीडस्क्रूवर ६५, मध्ये कोणतंही आयडलर (नुसतं जोडणारं गिअर). ८ भागिले २६ म्हणजे तेच प्रमाण. आटे बिघडण्याचं भय नको म्हणून शेवटचा हात डाय नटने फिरवा.

चीर असलेला गोल डाय वापरलात तर लक्षात ठेवा, हँडलचा मधला स्क्रू डाय उघडतो, बाजूचे दोन आवळतात. पहिली फेरी उघडून, मग नट लावून पाहत थोडं थोडं आवळा.

भोक आधीच कुणी बिघडवलं असेल तर: आजूबाजूला पुरेसं बीड असल्यास ९ मिमीने ड्रिल करून एम१० × १ चे आटे पाडा, त्याच मापाची स्टीलची बुश आत ५.३ ड्रिल करून पाव इंच बीएसएफ टॅप करा आणि रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग चिकटवणाऱ्या गोंदाने) बसवा. भिंत पातळ असेल तर करू नका, तडकेल. हा सल्ला कव्हर आणि पट्टीपुरता. चक, स्पिंडल किंवा गाडीचा ब्रेक यांच्या आट्यांना असली डागडुजी चालत नाही, तिथे जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

राहिले पट्टीचे स्क्रू. ते बहुधा २बीए निघतील: व्यास ४.७, पिच ०.८१. तुमचा दुकानदार इथेही ‘एम५ मारा’ म्हणेल, कारण एम५ ची पिच ०.८ आहे आणि टॅप शेवटपर्यंत सुरळीत जातो. जाऊ देऊ नका. तो ०.३ मिमी जास्त खातो आणि पट्टी कायमची ढिली पडते. बीएचे स्क्रू नागदेवीला नाही मिळाले तर जुन्या इलेक्ट्रिक मीटर-पॅनलच्या भंगारात बघा, तिथे पितळी बीए अजून सापडतात. पितळी असले तरी तात्पुरते चालतात.

पहिला शेंडा ते अकरावा शेंडा किती भरतंय आणि नटाखालचा व्यास किती, हे दोन आकडे टाका. डाय नटचं नेमकं माप त्यावरून सांगतो. तोवर एम६ चा टॅप ड्रॉवरमध्येच असू द्या.