मीडिया टेक्नॉलॉजीच्या मास्टर्समध्ये नेमकं काय शिकावं लागतं आणि प्रवेशाला काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की संगणकशास्त्राची पदवी हातात आहे, व्हिडिओ एडिटिंगची मनापासून आवड आहे आणि मीडिया टेक्नॉलॉजीत मास्टर्स करायचा विचार चालू आहे. या पदवीची रचना कशी असते, पात्रता काय लागते आणि एडिटिंगचा अनुभव तिथे कामाला येतो का, हे तुम्हाला हवंय. मी हीच पदवी घेतली आणि आता व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे व्हिडिओची माहिती कमी जागेत बसवण्याच्या क्षेत्रात, काम करतो. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर पटलं तरच बाकीच्याला अर्थ आहे.

अनुभव कामाला येतो, पण ही पदवी एडिटिंग शिकवत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं, ते ती शिकवते. एक उदाहरण आकड्यांनिशी देतो. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. स्ट्रीमिंगवर तेच चित्र सेकंदाला ५० लाख बिटमध्ये येतं आणि बघणाऱ्याची तक्रार नसते. म्हणजे मधल्या मधे जवळपास अडीचशेपट माहिती गेली. गेली कुठे?

पहिला मोठा घास रंगाचा. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातले बारकावे जितके कळतात तितके रंगातले कळत नाहीत, म्हणून दर चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदाच ठेवली जाते. एवढ्यानेच आकडा निम्म्यावर येतो. मग शेजारच्या फ्रेममध्ये जे आधीच दिसून गेलंय ते परत न पाठवता फक्त किती सरकलं ते पाठवायचं. जे उरतं त्यावर डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म चालवायचा (चित्राचा ढोबळ भाग आणि बारीक तपशील वेगळे करणारं, १९७४ साली मांडलेलं हे गणित जेपीईजी फोटोंपासून एच.२६४ व्हिडिओपर्यंत सगळीकडे कोणत्या ना कोणत्या रूपात आहे) आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक तपशील ढोबळ करून टाकायचे. आता बघा, या एका साखळीत रेखीय बीजगणित आहे, डोळ्याचं शरीरशास्त्र आहे, प्रोग्रॅमिंग आहे आणि शेवटी 'हे बघायला बरं वाटतं का' हा माणसाला विचारायचा प्रश्नही आहे. मीडिया टेक्नॉलॉजी म्हणजे हे सगळं एकत्र. हे वाचताना तुमची उत्सुकता वाढली असेल तर पुढे वाचा. 'आपल्याला तर फिल्म करायची होती' असं वाटलं असेल, तर फिल्म किंवा ॲनिमेशनच्या संस्थांकडे वळा. तोही तितकाच चांगला रस्ता आहे, फक्त वेगळा आहे.

आता रचना. युरोपातले बहुतेक अभ्यासक्रम ईसीटीएस (युरोपातल्या विद्यापीठांची सामाईक पद्धत) क्रेडिटमध्ये मोजतात. वर्षाला ६० क्रेडिट, दोन वर्षांच्या मास्टर्सला १२०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्यात वर्गातले तास थोडे, घरी बसून करायचं काम जास्त. सहा क्रेडिटचा एक विषय म्हणजे दीडशे ते एकशे ऐंशी तास, असे पाच विषय एका सत्रात. हा हिशेब आधी करून ठेवा. सोबत नोकरी करू म्हणणाऱ्यांची पहिल्याच सत्रात दमछाक होते ती इथे.

पहिलं सत्र बहुधा पाया पक्का करण्यात जातं: सिग्नल प्रोसेसिंग, कॉम्प्युटर ग्राफिक्स, मानव-संगणक संवाद, कुठे कुठे मशीन लर्निंग. सिग्नल प्रोसेसिंगकडे दुर्लक्ष करू नका. ऑडिओ ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ इतक्या वेगाने का सॅम्पल करतात (म्हणजे सेकंदाला इतक्या हजार वेळा का मोजतात), दूरच्या कपड्यावरच्या रेघा कॅमेऱ्यात का थरथरतात, या दोन्हींचं उत्तर सॅम्पलिंगच्या एकाच सिद्धांतात आहे. तो एकदा नीट समजला की पुढचे अर्धे विषय सोपे जातात. दुसऱ्या सत्रात ऐच्छिक विषय येतात: ध्वनी, संगणकीय दृष्टी, व्हर्च्युअल रिॲलिटी, गेम, सुलभता वगैरे. तिसऱ्यात मोठा गट-प्रकल्प, इंटर्नशिप किंवा दुसऱ्या विद्यापीठात एक सत्र. चौथं पूर्ण सत्र प्रबंधाचं, बहुतेक ठिकाणी ३० क्रेडिटचं.

तरीही नाव एकच म्हणून शिक्षण एकच असं समजू नका. स्टॉकहोमच्या केटीएचमधला इंटरॲक्टिव्ह मीडिया टेक्नॉलॉजी हा १२० क्रेडिटचा अभ्यासक्रम तंत्रविद्यापीठातला आहे, त्याचा कल संवाद-रचना आणि प्रोग्रॅमिंगकडे. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचा मीडिया टेक्नॉलॉजी एमएससीही दोन वर्षांचाच, पण तिथे विद्यार्थ्याने स्वतःचा वैज्ञानिक प्रश्न शोधावा आणि तो कल्पकतेने तपासावा यावर भर असतो, आणि वेगवेगळ्या शाखांमधून आलेले लोक एकत्र शिकतात. एमआयटीची मीडिया लॅब १९८५ची. तिथल्या पदवीचं नाव मीडिया आर्ट्स अँड सायन्सेस, आणि अर्ज करतानाच कोणत्या संशोधन गटात काम करायचंय ते सांगावं लागतं, कारण गटानेच तुम्हाला निवडायचं असतं. न्यूयॉर्क विद्यापीठाचा आयटीपी (इंटरॲक्टिव्ह टेलिकम्युनिकेशन्स प्रोग्राम) १९७९ पासूनचा आणि कला विद्याशाखेतला. तिथे सेन्सर, सर्किट, कोड हे सगळं हाताने करून बघण्यावर भर आहे.

या चारही ठिकाणी एकच अर्ज थोडाफार बदलून पाठवणारे लोक मी पाहिलेत. तो अर्ज कुठेच बसत नाही. माझं ठाम मत आहे की माहितीपत्रक बाजूला ठेवून अभ्यासक्रमाचं मॉड्यूल हँडबुक वाचावं. त्यात प्रत्येक विषयाची क्रेडिट, परीक्षेची पद्धत आणि आधी काय यायला हवं ते लिहिलेलं असतं. माहितीपत्रकात व्हीआर हेडसेट लावलेला हसरा विद्यार्थी असतो. हँडबुकमध्ये कळतं की व्हीआर हा एकच ऐच्छिक विषय आहे आणि तो एका वर्षाआड शिकवतात.

प्रवेशासाठी तुम्हाला तीन गोष्टींकडे बघावं लागेल.

पहिली, पदवीची क्रेडिट. तीन वर्षांची युरोपीय पदवी १८० क्रेडिटची. जर्मनीत बॅचलर आणि मास्टर्स मिळून ३०० क्रेडिट व्हावीत अशी साधारण रचना असते, त्यामुळे तिथल्या तीन सत्रांच्या, ९० क्रेडिटच्या मास्टर्सना आधीची पदवी २१० क्रेडिटची लागते. तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर अर्ज करण्याआधी हे तपासा, नाहीतर गुण कितीही असले तरी फाइल पहिल्याच टप्प्यावर बाजूला जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे विषय. तांत्रिक अभ्यासक्रमांना गणित आणि प्रोग्रॅमिंगची ठराविक क्रेडिट हवी असतात, काहींना त्यावर सिग्नल्स अँड सिस्टिम्स किंवा मीडियाशी संबंधित काही. इथे तुमची संगणकशास्त्राची पदवी तुमच्या बाजूने आहे. पण गुणपत्रिकेवर 'मॅथेमॅटिक्स ३' एवढंच छापलेलं असेल, तर तपासणाऱ्याला त्यात फूरिये (सिग्नल लहरींत फोडण्याचं गणित) होतं की संख्याशास्त्र, हे कसं कळणार? म्हणून प्रत्येक संबंधित विषयासमोर त्यातले घटक, तास आणि पाठ्यपुस्तक लिहून एक तक्ता करा आणि विद्यापीठाचा अधिकृत अभ्यासक्रम जोडा. काम कंटाळवाणं आहे, पण उद्देशपत्रावर महिनाभर घासाघीस करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. थोडी क्रेडिट कमी पडली तर काही विद्यापीठं अटीवर प्रवेश देतात आणि राहिलेले विषय पहिल्या वर्षात पूर्ण करून घेतात.

तिसरी गोष्ट म्हणजे उद्देशपत्र आणि काही ठिकाणी पोर्टफोलिओ. इंग्रजीची परीक्षा असतेच, आयईएल्टीएस ६.५ ही बऱ्याच ठिकाणची अपेक्षा. पोर्टफोलिओत तुमच्या एडिटिंगला जागा आहे, पण नुसती शोरील (निवडक कामाची फीत) टाकू नका. एखादी क्लिप घ्या, ती वेगवेगळ्या बिटरेटवर (सेकंदाला कमी-जास्त बिट देऊन) एन्कोड करा, चित्र कुठे फुटायला लागतं ते दाखवा आणि का फुटतं ते दोन परिच्छेदांत लिहा. अंधारातलं दृश्य, पाण्याचा पृष्ठभाग, उडणारी धूळ, मंचावरचा धूर यातलं काहीतरी निवडा, तिथे कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरची, खरी परीक्षा होते. एडिटर म्हणून हे सगळं तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. फक्त संगणक शिकून आलेल्या मुलाला बहुधा ते दिसतच नाही. तुमची नजर हेच तुमचं भांडवल आहे, आणि ती मोजमापाशी जोडता येते हे अर्जात दिसलं पाहिजे.

प्रबंधाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या पदवीतलं मला सगळ्यात आवडलेलं काम तेच. समजा तुम्ही कॉम्प्रेशनची एक नवी युक्ती केली आणि ती जुन्यापेक्षा चांगली आहे असं तुमचं म्हणणं आहे. पीएसएनआर किंवा एसएसआयएम असे, मूळ चित्राशी तुलना करून दर्जा सांगणारे आकडे संगणक काढून देतो, पण दोन चित्रांचा पीएसएनआर सारखा येऊनही एक डोळ्याला खुपतं आणि दुसरं खुपत नाही, असं होतं. मग माणसं बसवून चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) बीटी.५०० ही शिफारस वापरतात. किमान पंधरा प्रेक्षक हवेत, आणि ते या कामातले तज्ज्ञ नसावेत. प्रत्येकाची नजर आणि रंगदृष्टी आधी तपासायची. पडद्यामागच्या भिंतीवरचा प्रकाश, बसण्याचं अंतर, सगळं ठरलेलं. क्लिप साधारण दहा सेकंदांच्या, मधे करडा पडदा, आणि एक बैठक अर्ध्या तासापेक्षा लांबवायची नाही, कारण त्यापुढे माणूस थकतो आणि गुण कसेही द्यायला लागतो. क्लिपचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा लावायचा. शेवटी ज्यांचे गुण बाकीच्यांशी अजिबात जुळत नाहीत त्यांना संख्याशास्त्राच्या नियमाने वगळायचं, आपल्या मर्जीने नाही.

मी अशा चाचण्या अंधाऱ्या खोलीत बसून घेतल्या आहेत. आपल्याला अभिमान वाटणारी क्लिप आली की समोरचा माणूस शांतपणे 'साधारण'वर खूण करतो, आणि तुम्हाला त्याच्या शेजारी चेहऱ्यावर काहीही न दाखवता बसायचं असतं. त्याच खुणांची सरासरी पुढे प्रबंधातला आलेख होते. संशोधन म्हणजे काय हे मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्या खोलीत जास्त कळलं. म्हणून प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे अशी खोली, कॅलिब्रेट केलेला मॉनिटर आणि प्रेक्षक जमवायची काही सोय आहे का, हे जरूर विचारा. ते नसेल तर माणसांवरच्या चाचणीचा विषय घेऊ नका. काही विद्यापीठांत माणसांवर चाचणी घ्यायला नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ती यायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात आधीच धरा.

गट-प्रकल्पांविषयी एवढंच की डिझाइनकडून आलेला, संगणकाकडून आलेला आणि मानसशास्त्राकडून आलेला, असे तिघे एका टेबलावर असले की काम छान होतं.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी संपते, म्हणून आत्ताच तीन-चार हँडबुक उतरवून घ्या आणि त्यातल्या सक्तीच्या विषयांखाली खूण करा. सिग्नल प्रोसेसिंग पदवीला नसेल तर या सहा महिन्यांत एखादा प्रमाणपत्र मिळणारा कोर्स करा. क्रेडिट म्हणून तो धरला जाईलच असं नाही, पण पहिल्या सत्रात त्याचा आधार होतो. एफएफएमपेग हे व्हिडिओ एन्कोड करायचं सॉफ्टवेअर कमांड लाइनवरून वापरायला शिका, पायथनमध्ये एक चित्र आठ गुणिले आठच्या तुकड्यांत कापून त्यावर कोसाइन ट्रान्सफॉर्म स्वतः चालवा, त्यातून मिळणारे आकडे, म्हणजे गुणांक, एकेक करून शून्य करत जा आणि चित्र कुठे मोडतं ते बघा. एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. ते करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, तर बिनधास्त अर्ज करा. तक्ता किंवा उद्देशपत्र तयार झालं की इथेच खाली टाका, वेळ काढून नक्की वाचेन.