भुतं नसतात हे माहीत असूनही रात्री बाथरूमला जायची भीती का वाटते?

प्रश्न असा आहे: 'भुतंबितं नसतात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी हॉरर पिक्चर पाहिला की रात्री बाथरूमला जायची हिंमत होत नाही. बायकोला मात्र कुठल्याच पिक्चरची भीती वाटत नाही, ती माझ्यावर हसते. असं का होत असावं? तुम्हाला कुठल्या पिक्चरची खरी भीती वाटली?'

तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो, मग उठून मागच्या खोलीतला दिवा लावून आलो. तेव्हा तुम्ही एकटे नाही, एवढं तर नक्की.

हे सगळं खोटं आहे हे माहीत असण्याचा इथे काही उपयोग होत नाही. हिचकॉकच्या 'सायको'मधला (१९६०) शॉवरखालचा खून तुम्ही पाहिला असेल. पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा तो प्रसंग चित्रित करायला आठवडा लागला होता. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलं होतं. हे सगळं सगळ्यात जवळून कुणी पाहिलं? जिचा त्यात खून होतो त्या नटीनं, जॅनेट लीनं. चाकू कुणाच्या हातात आहे, पाणी कुठून येतंय, कॅमेरा कुठे आहे, सगळं तिला ठाऊक होतं. आणि तीच नंतर सांगायची की सिनेमा पाहिल्यापासून आपण शॉवरखाली उभं राहणं सोडलं. जिच्या अंगावर चॉकलेट ओतलं तिची ही गत, तर तुमची-माझी काय कथा!

आता एक गोष्ट आधी बाजूला काढू. दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. शांतता, शांतता, आणि एकदम कानठळ्या बसवणारा आवाज, म्हणजे आपण खुर्चीत उडतो. ही शरीराची जुनी खोड आहे, त्यात डोक्याचा फारसा संबंध नाही. ही युक्तीही जुनीच. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री सुनसान रस्त्यानं चाललेली असते, मागे कुणीतरी आहे असं वाटत असतं, आणि अचानक हिंस्र प्राण्यासारखी फिस्कारत शेजारी येऊन थांबते ती साधी बस! निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून सिनेमावाले आजही या क्लृप्तीला 'ल्यूटन बस' म्हणतात. अशा जागी आपण डोळे झाकतो, खरं तर झाकायला हवेत कान. पुढच्या वेळी टीव्हीचा आवाज बंद करून बघा, निम्मा सिनेमा विनोदी होऊन जाईल. पण दचकणं तिथल्या तिथे संपतं. दचकलेला माणूस रात्री दोन वाजता बाथरूमच्या दाराशी अडत नाही. तिथे अडतो तो घाबरलेला माणूस.

या विषयातलं माझं शिक्षण काकांच्या दुकानात झालं. कराडला त्यांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. १९८८ च्या सुमाराची गोष्ट, मी दहा वर्षांचा असेन. गणपतीत मंडळवाले रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी घेऊन जायचे. काकांचा सल्ला ठरलेला: "भुताची मधी लावा. पयली लावली तर बाया पोरं उचलून घरी जात्यात. शेवटची लावली तर कुणी घरी जाईत न्हाई, मांडवातच पसरत्यात." म्हणून भुताच्या आधी मारामारीची आणि नंतर दादा कोंडके. (कॅसेट परत आली की काका ती पळवून बघायचे. भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंच्या कॅसेटी सगळ्यात जास्त झिजलेल्या असायच्या त्या नटीच्या अंघोळीपाशी. भूत बिचारं कोरं करकरीत.)

त्यातली एक कॅसेट आईनं घरात लावू दिली नाही. 'पुराना मंदिर', १९८४ चा. त्यातला सामरी नावाचा सैतान म्हणजे मुखवटा चढवलेला एक उंचापुरा माणूस आहे, हे काकांनी आम्हा पोरांना दहा वेळा समजावलं होतं आणि आईलाही ते दिसत होतंच. पण कथेत सामरीचा शाप असा आहे की राजघराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. त्या वर्षी आईला दिवस गेले होते. तिला सामरीची भीती नव्हतीच.

हे मला खूप उशिरा समजलं, आणि ते समजलं आजीच्या भुतांमुळे. किराणावाल्याकडे तांदळाचे असतात तसे आजीकडे भुतांचे प्रकार होते. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत होते. मुंज झालेला, पण लग्न न होता गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. गिऱ्हा पाण्यात असतो आणि पोहणाऱ्याचा पाय ओढतो. आमचा गिऱ्हा कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या भोवऱ्यात राहायचा. चकवा रात्री वाट चुकवतो, माणूस पहाटेपर्यंत एकाच शेताभोवती फिरत राहतो. आता ही यादी भुतांची म्हणून न वाचता मरणांची म्हणून वाचा. घरातली बाई बाळंत होताना जाणं, वाढवलेला पोरगा जाणं, नदीत बुडणं, अंधारात वाट चुकणं. त्या काळातल्या गावाला ज्या ज्या गोष्टीची खरी धास्ती होती तिला एकेक नाव आणि राहायला एकेक झाड दिलेलं होतं. सिनेमावाले दुसरं काय करतात? नवी भीती तयार करणं कुणाच्या बापाला जमत नाही. आपल्याकडे आधीपासून असलेली ते शोधून काढतात आणि तिला चेहरा देतात. चेहरा फसला तरी चालतं, नेमकी भीती सापडली पाहिजे.

म्हणून तर जुन्या हवेलीतल्या भुताची आता कुणाला भीती वाटत नाही. हवेलीत राहतं कोण? याउलट विशाल फुरियाचा मराठी 'लपाछपी' (२०१७) घ्या. गरोदर बाई, नवऱ्यावर पैशाचं संकट, म्हणून लपायला आलेले दोघं, आणि चहूबाजूंनी ऊस. यात आजीची अळवंतही आहे आणि चकवाही आहे, फक्त त्यांना त्या नावानं कुणी हाक मारत नाही. ज्यानं ऊस फक्त रसवंतीवर पाहिलाय त्याला कदाचित कळणार नाही, पण आमच्याकडच्या माणसाला विचारा. फडात दोन सऱ्या आत गेलात की भरदुपारी दिशा कळत नाही. वारा नसतानाही पाचट वाजतं. जुन्नरकडे तर उसात बिबट्या पिल्लं घालतो, तेव्हा पाचट वाजलं तर ती कल्पना नसते. आणि या सिनेमात शेवटी जे बाहेर येतं ते भुताचं नाहीच, ते आहे मुलगी नको म्हणून माणसांनी काय केलं त्याचं. उषा नाईक यांनी रंगवलेली ती बाई लेकीच्या मायेनं जेवू घालते, आणि माझ्या अंगावर काटा आला तो त्या मायेनं. याच दिग्दर्शकानं पुढे हिंदीत 'छोरी' (२०२१) केला, पण मला मराठीच जास्त लागला.

शहराचं भूत वेगळं. त्याला नावही नाही, ते म्हणजे आधीचा भाडेकरू. रामगोपाल वर्माचा 'भूत' २००३ मध्ये आला तेव्हा मी नोकरीसाठी नुकताच डोंबिवलीत भाड्यानं राहायला लागलो होतो. त्यात एक गाणं नाही, वाडा नाही. चांगला चकचकीत टॉवरमधला फ्लॅट, आणि आधी तिथे राहणारी बाई बाल्कनीतून पडून मेली हे नवऱ्याला माहीत असूनही त्यानं बायकोला सांगितलेलं नाही. संपली गोष्ट. मी सिनेमा पाहून खोलीवर आलो आणि बाथरूमच्या आरशावर आधीच्या भाडेकरणीनं चिकटवून ठेवलेल्या दोन टिकल्या दिसल्या. महिनाभर रोज दिसत होत्याच, त्या रात्री पहिल्यांदा प्रश्न पडला की या बाई गेल्या कुठे? सकाळी शेजारच्या काकूंना आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "बदलापूरला स्वतःचा ब्लॉक घेतला त्यांनी." तरीही टिकल्या काढायचं धाडस झालं नाही. घरमालकानं पुढे रंगकाम काढलं तेव्हा आरसाच गेला.

तात्या विंचूबद्दल बोललो नाही तर मराठी माणसाचं भयपटावरचं उत्तर पुरं कसं होणार? महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) हा धडधडीत विनोदी सिनेमा. थिएटरात मोठी माणसं लक्ष्यावर खो खो हसत होती आणि माझी पाच वर्षांची बहीण माझ्या शर्टात तोंड खुपसून बसली होती. घरी आल्यावर तिनं आपली बाहुली डालड्याच्या डब्यात कोंबली, झाकण लावलं आणि वर रद्दीचा गठ्ठा ठेवला. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी संशोधकानं १९७० मध्ये मांडलं होतं की यंत्रमानव माणसासारखा दिसत जातो तसतसा तो आपल्याला आवडत जातो, पण अगदी माणसाच्या जवळ पोचला की एकदम नकोसा होतो. ते खरंच आहे, पण आपल्याकडे त्याच्याही आधीचं काहीतरी होतं. पाध्यांचा अर्धवटराव महाराष्ट्रानं लाडानं पाहिलेला. बोलका बाहुला म्हणजे चावटपणा करणारा घरचाच माणूस. त्याच रामदास पाध्यांनी तात्या घडवला, आणि लाडक्या घरच्या माणसाच्या जागी गुंड येऊन बसला. शिवाय तो गादीखाली मावतो! सामरी मावत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. मला खरी भीती वाटली ती 'तुंबाड'ची (२०१८). राही अनिल बर्वेचा सिनेमा, त्याचं बीज नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतलं. लोक त्यातल्या हस्तर नावाच्या शापित देवाबद्दल बोलतात, सोन्याच्या मुद्रांबद्दल, पावसाबद्दल बोलतात. माझा सिनेमा मात्र सुरुवातीच्या अर्ध्या तासातच संपला. घरात एक अतिशय म्हातारी बाई साखळीला बांधून ठेवलेली आहे. तिला वेळेवर भरवावं लागतं. ती जागी झाली की 'झोप, नाहीतर हस्तर येईल' म्हणायचं, की ती झोपते. आणि एका रात्री हे काम घरातल्या पोरावर येऊन पडतं.

भुतांच्या प्रकारांची यादी सांगणारी ती माझी आजी शेवटची चार वर्षं सगळं विसरली होती. कराडच्या घरात तिची मागची खोली. रात्री उठून नदीकडे चालू लागायची म्हणून दाराला बाहेरून कडी. मी सुट्टीत गेलो की रात्रीचं ताट माझ्याकडे, कारण बाकीचे रोज करून दमलेले असायचे. कडी काढायच्या आधी मी दाराला कान लावायचो. ती कधी मुकाट्यानं खायची, कधी मनगट धरायची, आणि तिच्या हातात एवढी ताकद कुठून यायची कोण जाणे. आमच्याकडेही एक मंत्र होता. तिचा थोरला भाऊ लहानपणीच संगमावर बुडाला होता. "दादा निघालाय, सांजच्या एसटीनं येतोय," असं म्हटलं की ती मनगट सोडायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. रोज रात्री आम्ही तिला हे खोटं सांगायचो. मी तिशी गाठलेला माणूस, तिच्या खोलीतून बाहेर येऊन कडी घालताना मला सुटल्यासारखं वाटायचं.

थिएटरात तो प्रसंग सुरू झाला तेव्हा शेजारचा मित्र पॉपकॉर्न खात होता. मध्यंतरात म्हणाला, "म्हातारीचा मेकअप जरा जास्तच झालाय नाही?" झालाही असेल. मी पाहिलाच नाही, मी बाहेर जायच्या दाराकडे बघत होतो.

वहिनींच्या हसण्याचं काय ते सांगतो. माझी बहीण, तीच डालड्याच्या डब्यावाली, आता कुठलाही भयपट जेवता जेवता पाहते. ती कामावरून रात्री उशिराच्या लोकलनं येते. मी एकदा तिला विचारलं, लेडीज डब्यात तू एकटी आणि समोर भूत येऊन बसलं तर? ती म्हणाली, "बसू दे की. सोबत होईल. पुढच्या स्टेशनवर कुणी माणूस चढला नाही म्हणजे मिळवलं." वहिनींच्या बाबतीत काय आहे मला माहीत नाही. पण त्यांना भीती वाटत नाही असं समजू नका. त्यांची भीती भुतात नसेल, एवढंच. विचारून बघा, पण दिवसा विचारा.

राहिलं बाथरूम. तुमचं लहानपण गावाकडे गेलं असेल तर आठवून बघा, संडास परसात होता का? कंदील घेऊन अंगण ओलांडायला लागायचं का? मला तरी लागायचं, आणि वाटेत पिंपळ होता. आता फ्लॅटमध्ये बिछान्यापासून बाथरूम सात पावलांवर आहे, पण रात्री दोन वाजता ते अंतर अंगणाएवढंच होतं. मी दिवा चालूच ठेवतो. पाच वॅटचा एलईडी आहे, बिलात कळतसुद्धा नाही.