लहान मुलांना प्राण्यांना खाऊ घालायला फार्मवर न्यायचंय; जागा कशी निवडावी आणि काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे आणि लांबून कुत्रा दिसला तरी कडेवर चढते. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला सगळ्याच प्राण्यांना हात लावायचाय. शिवाय सोबत गरोदर वहिनीही येणार आहेत. म्हणजे फार्मवाल्यांची झोप उडवणारे तिन्ही प्रकारचे पाहुणे तुमच्या एकाच गाडीत आहेत! मी गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी अशाच एका फार्मवर मदतीला जाते. पगारी नाही, हौस म्हणून. शेण काढायचं, पाणी भरायचं आणि मुलांच्या तळहातावर दाणे ठेवताना दिवसभर "अंगठा आत, अंगठा आत" असं ओरडत राहायचं, हे माझं काम.

जागा निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते. तिथल्या जनावराला माणसांना टाळून निघून जाता येतं का? वाड्याच्या मागे एखादा कोपरा असा हवा की तिथे पाहुण्यांना मज्जाव आहे आणि कंटाळा आला की शेळी तिथे जाऊन बसू शकते. असा कोपरा असला की कुंपणापाशी येणारी शेळी आपल्या मर्जीने आलेली असते. पळायला वाट नसलेलं जनावर मात्र एक तर मुकाट्याने सोसतं किंवा मग ढुशी मारतं, चावतं, लाथ झाडतं, आणि बोल लागतो त्यालाच.

सोसण्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे ससा. मांडीवर गपगार बसलेला ससा बघून लोक म्हणतात, "किती लाडोबा आहे!" पुष्कळदा तो भीतीने गोठलेला असतो. आपण कुणाच्या तरी तावडीत सापडलोय, हलायचं नाही, एवढंच त्याला कळतं. त्यात त्याचा कणा फार नाजूक. मागचे पाय अधांतरी ठेवून उचललं आणि त्याने जोरात लाथ झाडली, तर त्याच्याच जोराने त्याची पाठ मोडू शकते. ज्या फार्मवर ससे आणि कोंबडीची पिल्लं या हातातून त्या हातात फिरत असतात, तिथे मी परत जात नाही.

आणखी एक खूण. तुम्ही फाटकापाशी पोचताच सगळ्या शेळ्या हपापल्यासारख्या अंगावर आल्या, तर मुलं खूश होतात, मी सावध होते. वेळच्या वेळी चारा मिळालेल्या कळपातल्या दोन-चार शेळ्या तरी आडव्या पडून रवंथ करताना दिसतात आणि तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. जमलं तर खुरांकडे नजर टाका. वेळेवर न छाटलेले खूर लांब वाढून मोजडीच्या टोकासारखे वर वळतात. खुरांकडे बघायला ज्यांना वेळ नाही, त्यांना बाकीच्या गोष्टींनाही नसतो.

फोन करून विचारायचंच असेल तर "दुपारी जनावरांना विश्रांती असते का?" असं विचारा. "नाही हो, दिवसभर केव्हाही या, कितीही खाऊ घाला" असं उत्साहाने सांगितलं, तर दुसरी जागा शोधा.

वेळ सकाळची, फार्म उघडतानाची. हे मी ठेच लागून शिकले. माझ्या लेकीला पहिल्यांदा नेलं तेव्हा आम्ही निवांत जेवून दुपारी तीनला पोचलो. तोवर शेळ्यांची पोटं टम्म झालेली. तिने हात पुढे केला की शेळी तो हुंगायची आणि तोंड फिरवायची. तिसऱ्या शेळीने पाठ फिरवल्यावर ती हमसून हमसून रडायला लागली. "मी कुणालाच आवडत नाही" हे तिचं वाक्य गाडीत, घरी आणि दुसऱ्या दिवशीही चालू होतं. सकाळी गेलो असतो तर जनावरं भुकेली असती, उन्हाचा तडाखा नसता आणि लेकीचीही झोप झालेली असती.

आता खाऊ. घरून काहीही नेऊ नका. पाव, बिस्किटं, उरलेली पोळी, भाजीची देठं, काहीच नाही. गाय, शेळी, मेंढी यांच्या पोटात चार कप्पे असतात आणि पहिल्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव गवत कुजवून त्याचं अन्न करतात. तिथे अचानक पाव किंवा धान्य जास्त गेलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर खाणं सोडतं, वेळेवर लक्ष गेलं नाही तर दगावतंही. घोड्याचं दुखणं आणखी निराळं. त्याला ओकताच येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं चुकीचं काही वर येण्याचा मार्गच नसतो.

"एका तुकड्याने काय होतंय?" हे वाक्य मी दर रविवारी ऐकते. हिशोब करून बघा. मूठभर दाणे तीस ग्रॅम धरले आणि दिवसभरात दोनशे मुलं आली, तर सहा किलो झाले. वाड्यात दहा शेळ्या असल्या तरी ते सारखे वाटले जात नाहीत. सगळ्यांना रेटून पुढे येणाऱ्या दोन दांडगट शेळ्याच निम्मे फस्त करतात. म्हणून चांगल्या फार्मवर खाऊ तिथलाच असतो, मोजून मिळतो आणि संपला की संपला. त्या दिवशी मुलाने हट्ट केला तर तुम्हीही त्यांचीच बाजू घ्या. मेंढ्यांच्या कुंपणावर "शेळ्यांचा खुराक इथे घालू नका" अशी पाटी दिसली तर तीही पाळा. शेळीला चालेल इतकं तांबं मेंढीला विषासारखं बाधू शकतं.

भरवायची रीत अशी. तळहात सपाट, बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळहाताच्या कडेला चिकटवून धरलेला, दाणे मधोमध. चिमटीत धरून द्यायचं नाही. शेळीला समोरच्या बाजूला वरचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. त्यामुळे ती ओठांनीच हातावरचे दाणे टिपते आणि मुलांना गुदगुल्या होतात. हे ऐकून नऊ वर्षांचं पोर हमखास तिच्या तोंडात बोट घालून बघतं! आत दोन्ही जबड्यांना दाढा असतात, त्या बोट चिरडू शकतात. घोड्याला तर पुढचे दात वर-खाली दोन्हीकडे असतात आणि स्वतःच्या तोंडासमोरचं त्याला दिसतच नाही. तो ओठांनी आणि मिशांनी चाचपतो. गाजर कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं, हे त्याला बघून कळत नाही. कान मागे दाबले असतील तर हात पुढे करायचा नाही. मागून जायचं तर कधीच नाही. तो बुजला तर दुगाण्या झाडणारच.

मुलीबद्दल. तिला कडेवर घेऊन "बघ, काही करत नाही, लाव हात" असं म्हणत तिचा हात शेळीच्या तोंडाकडे ओढू नका. हे सगळे करतात, आणि ते पोर मग वर्षभर शेळीचं नाव काढू देत नाही. तुम्ही कुंपणाबाहेर खाली बसा, तिला पुढ्यात घ्या आणि पाच-दहा मिनिटं काहीच करू नका. मग तिच्या हातात गवताची लांबलचक काडी द्या, हातभर तरी लांब. फार्मवाल्यांना मागितली तर देतात. मागे अशीच एक चिमुरडी आली होती, डोळे घट्ट मिटून काडी धरलेली. शेळीने दुसऱ्या टोकाला सुरुवात केली. कर्र कर्र आवाज आला तसा मुलीने एक डोळा उघडला. काडी आखूड होत होती आणि शेळीचं तोंड जवळ येत होतं. वीतभर उरली तेव्हा तिने ती सोडून दिली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अजून." अशा सात काड्या झाल्या. शेवटची तिने चार बोटं उरेपर्यंत धरली होती. हात काही लावला नाही, आणि आम्ही लाव म्हटलंही नाही.

कोंबड्यांपासून सुरुवात करावी असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण त्या लहान. पण कोंबडी टोच मारते ती अचानक, आणि घाबरट मुलाला तो "चावा" वाटतो. दाणे जमिनीवर टाकायचे असतील तर कोंबड्या उत्तम.

मुलाला मात्र नुसतं भरवण्यात अर्ध्या तासाहून जास्त गोडी वाटणार नाही. त्याला काम मागू द्या. पाणी भरणं, अंडी गोळा करणं, पेंढा पसरणं. आणि एखादी गाय रवंथ करत बसलेली दिसली तर त्याला लांबून तिच्या गळ्याकडे बघायला सांगा. घास गिळला की दोन-चार सेकंद तोंड थांबतं, मग गळ्यातून एक गोळा खालून वर सरकताना दिसतो आणि जबडा पुन्हा सुरू होतो. एका घासाला किती वेळा चावते ते मोजायला सांगा. साधारण चाळीस ते साठ भरतं. माझा भाचा एरवी एका जागी दोन मिनिटं बसत नाही, तो गायीसमोर वीस मिनिटं बसून वहीत आकडे लिहीत होता. तेवढ्या वेळात मी कपभर चहा गरम असताना प्यायले, त्याचं मोल पालकांना सांगायला नको.

वासरू असेल तर ते मुलाची बोटं चोखायला बघेल. त्या खरखरीत जिभेची गंमत मी नाकारत नाही. पण फार्मवर हात सगळ्यात जास्त घाण होतात ते तेव्हाच. गायीगुरांच्या पोटात ई. कोलाय ओ१५७ नावाचा जंतू असू शकतो. जनावर ठणठणीत दिसतं, त्याला काही होत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र रक्ती जुलाब होऊन मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतं. २००९ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या एका फार्मवर याच जंतूची ९३ जणांना लागण झाली, त्यांत बहुतेक लहान मुलं होती. भीती घालायला सांगत नाही. साबण आणि वाहतं पाणी एवढ्यावर बरंचसं टळतं. पण साबण आणि वाहतं पाणीच हवं. सॅनिटायझर किंवा ओले टिश्यू चालत नाहीत, कारण मळलेल्या हातांवर जेलचा नीट उपयोग होत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी त्याला दादच देत नाही. हात धुवायचे प्राण्यांपासून निघताना, काही खाण्याआधी आणि बूट काढल्यानंतर पुन्हा. बूट लोक विसरतात. प्राण्यांजवळ असताना खाणंपिणं नाही, तोंडात बोट नाही, खाली पडलेलं खेळणं तसंच उचलून हातात देणं नाही. हात धुवायची जागा मुलांच्या उंचीची आहे का, तिथे साबण आहे का, हे आत शिरतानाच बघून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत जुलाब, उलट्या झाल्या तर डॉक्टरांना "आम्ही फार्मवर गेलो होतो" हे आपणहून सांगा. जुलाबात रक्त दिसलं तर वाट बघत बसू नका.

कुणी कौतुकाने धारोष्ण दूध पुढे केलं तर नको म्हणा. न तापवलेल्या दुधातून हेच जंतू आणि ब्रुसेला नावाचा आणखी एक जंतू पोटात जाऊ शकतात.

वहिनींनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावं. आल्या तर व्यायलेल्या मेंढ्या-शेळ्या, नवजात कोकरं-करडं आणि त्यांच्याखालचा पेंढा यांच्या जवळपास जाऊ नये. प्रसूतीच्या वेळी मेंढीच्या अंगातून बाहेर येणाऱ्या काही जंतूंनी गर्भपात होऊ शकतो. कोकरू कितीही गोजिरवाणं असलं तरी उचलायचं नाही, आणि मुलांचे माखलेले कपडे-बूटही त्यांनी हाताळायचे नाहीत. विणीच्या हंगामात जाणार असाल तर त्यांनी घरी राहिलेलंच बरं.

निघताना मुलांना पायाची बोटं झाकणारे बूट घाला, सँडल नकोत. लोंबणाऱ्या नाड्या, ओढण्या, कागदी पिशव्या शेळीच्या टप्प्यात आल्या की गेल्याच. मुलीच्या वेण्या वर बांधा. जादा कपड्यांचे दोन जोड घ्या, आणि गाडीत एक मोठी पिशवी फक्त बुटांसाठी.