वाचकांचे प्रश्न : केमोथेरपीनंतरची वेदना आणि मेंदूचे प्रशिक्षण

प्रश्न : माझ्या आईची स्तनाच्या कर्करोगासाठीची केमोथेरपी काही महिन्यांपूर्वी पूर्ण झाली. आजार आटोक्यात आहे, पण तिच्या तळपायांची सतत आग होते, बोटांना मुंग्या येतात, बटण लावताना ते चिमटीत धरले आहे की नाही हेही तिला कळत नाही आणि रात्री पायांना पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. मेंदूला प्रशिक्षण देऊन अशी वेदना कमी करता येते, असे माझ्या वाचनात आले. तिला हे सांगताच, ‘म्हणजे माझे दुखणे मनाचे आहे, असे तुला वाटते का?’ असे तिने विचारले. तिला काय सांगावे?

उत्तर : आईंची वेदना पूर्णपणे खरी आहे, हे त्यांना सर्वांत आधी सांगा. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन यांसारखी औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जातंतूंनाही इजा करतात. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब असल्याने त्रास बहुधा तिथूनच सुरू होतो. मात्र इजा पायात असली, तरी तिची वेदना म्हणून जाणीव मेंदूतच होते. इजा झालेल्या तंतूंकडून चुकीचे संदेश महिनोन्‌महिने येत राहिले, की ते ग्रहण करणारी मेंदूतील केंद्रे अधिक संवेदनशील होतात, आणि मग साध्या स्पर्शाचीही वेदना होऊ लागते. पांघरुणाबाबत आईंना जे होते, ते हेच. मेंदूवर उपचार करायचा, तो या बदललेल्या प्रतिसादावर. त्यांच्या सांगण्यावर कोणी शंका घेत आहे म्हणून नव्हे.

आपण वाचलेली पद्धत बहुधा न्यूरोफीडबॅक असावी. तीत डोक्याच्या त्वचेवर संवेदक चिकटवून मेंदूतील विद्युतलहरींची नोंद घेतात आणि ती त्याच क्षणी पडद्यावरील चित्राच्या किंवा आवाजाच्या रूपाने रुग्णाला दाखवतात. लहरी अपेक्षित दिशेने बदलल्या, की पडद्यावर किंवा आवाजातून तशी खूण मिळते. नेमके काय केल्याने ती मिळाली, हे पुष्कळदा रुग्णाला शब्दांत सांगता येत नाही, तरी सरावाने मेंदू ते शिकत जातो. या पद्धतीत शरीरात औषध किंवा वीज सोडली जात नाही. सुईही टोचली जात नाही.

अमेरिकेतील एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी २०१७ मध्ये याविषयीचा एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. केमोथेरपी संपून किमान तीन महिने झालेल्या, पण वेदना कायम असलेल्या रुग्णांपैकी एका गटाला वीस सत्रे देण्यात आली आणि दुसऱ्या गटाला प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले. प्रशिक्षण घेतलेल्यांची वेदना लक्षणीयरीत्या कमी झाली. हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो, परंतु अभ्यास पूर्ण केलेले रुग्ण ६२ होते आणि दुसऱ्या गटाला तुलनेसाठी नकली प्रशिक्षण दिलेले नव्हते. त्यामुळे आराम लहरी बदलल्याने किती पडला आणि नियमित भेटी, आपुलकी व अपेक्षा यांमुळे किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. म्हणून चालू उपचारांच्या जोडीला ही पद्धत अवश्य करून पाहावी, मात्र तिच्या भरवशावर औषध बंद करू नये. तिने मज्जातंतूंची इजा भरून निघते, असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे.

औषधांमध्ये डुलोक्सेटिनला संशोधनाचा आधार सर्वांत भक्कम आहे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात या वेदनेसाठी त्याचीच शिफारस आहे. आई स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषध घेत असतील, तर डुलोक्सेटिन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे जरूर सांगा, कारण शरीरात टॅमॉक्सिफेनचे सक्रिय रूपात रूपांतर होण्याच्या प्रक्रियेत ते अडथळा आणू शकते. तसेच बधिर पावलांना जखम झालेली कळत नाही. रोज तळपाय नीट पाहावेत आणि पाणी किती गरम आहे, हे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : माझी केमोथेरपी अजून चालू आहे आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या आहेत. मोबाइलवरील मेंदूचे खेळ आतापासून खेळले, तर पुढचा त्रास टळेल का?

उत्तर : नाही. शब्दकोडी आणि स्मरणशक्तीचे खेळ म्हणजे न्यूरोफीडबॅक नव्हे, आणि वर सांगितलेला अभ्यास उपचार संपलेल्या रुग्णांवरचा आहे. आपल्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे : पुढचा डोस घेण्यापूर्वीच मुंग्यांविषयी कर्करोगतज्ज्ञांना सांगा. ‘त्यांनी औषध कमी केले तर?’ या भीतीने अनेक रुग्ण हा त्रास लपवतात, याचे मला फार वाईट वाटते. मात्रा कमी करणे, डोस पुढे ढकलणे किंवा औषध बदलणे हे निर्णय वेळेवर घेतले, तर कायमची इजा टळू शकते; काही औषधांच्या बाबतीत तर ती थांबवल्यावरही काही महिने त्रास वाढत राहतो. आणि मुंग्यांखेरीज पाठीत नव्याने तीव्र वेदना सुरू झाली, पायांतील जोर गेला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात.