सांचीचा चढ आईला झेपेल का?

प्रश्न : आईला सांचीचा स्तूप पाहायचाय. वय ७२, गुडघे दुखतात. नेऊ का?

उत्तर : जरूर न्या, ताई. गाडी टेकडीवर जाते, पायथ्यापासून चढावं लागत नाही. मी सासूबाईंना सकाळी लवकर नेलं होतं. ऊन चढलं की फरशी तापते. स्तूपाला उजवी घालून खालूनच प्रदक्षिणा करा, वरच्या वाटेच्या दगडी पायऱ्या त्यांना नकोत. दक्षिण तोरणापाशी, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वारापाशी, मात्र थांबाच. जवळच्या विदिशा गावच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरल्याचा लेख तिथे आहे आणि आपल्या सातवाहनांच्या सातकर्णी राजाच्या आनंद नावाच्या कारागीरप्रमुखाचाही. ते नाव ऐकताच सासूबाईंनी आपसूक हात जोडले. नोव्हेंबरअखेर जमलं तर उत्तमच, तेव्हा बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त-मोग्गलान यांच्या अस्थींचं दर्शन होतं. गर्दी मात्र खूप.