वाचकांचे प्रश्न : मास्टर लोकांचे डाव बघून चेस सुधारतं का?

प्रश्न : सर नमस्कार, मी इंजिनिअरिंगला आहे. ऑनलाइन रेटिंग वर्षभर ११००च्या आसपासच अडकलंय. रोज रात्री मोठ्या खेळाडूंच्या डावांचे व्हिडिओ बघतो, बघताना सगळं कळतं पण स्वतः खेळायला बसलो की दहा-बारा चालींनंतर काही सुचतच नाही. अजून कोणते डाव बघू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अजून डाव नकोत, आहे तो एकच डाव नीट घ्या. व्हिडिओत चाल कोणती हे दुसरं कुणीतरी सांगतं आणि का हेही तोच सांगतो, मग तुम्ही फक्त मान डोलवता. तुमच्या डावात मात्र चाल शोधायची असते, आणि त्याची सवयच झालेली नसते. म्हणून पट मांडा, पुढच्या चाली कागदाने झाका, जिंकणाऱ्याच्या बाजूने बसा आणि प्रत्येक चालीआधी स्वतःची चाल लिहून मगच कागद खाली सरकवा.

सुरुवात अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीच्या १८५८च्या डावाने करा. पॅरिसच्या ऑपेरा हाउसमध्ये ड्यूक ऑफ ब्रुन्सविक आणि काउंट इसुआर दोघं मिळून एका बाजूने खेळले होते तो, १७ चालींत मात. पांढऱ्याच्या, म्हणजे मॉर्फीच्या, आठव्या चालीला थांबा. वजीर बी-३ वर (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), उंट सी-४ वर, आणि काळ्याने एफ-७चं प्यादं वाचवायला वजीर ई-७ वर आणून स्वतःचाच उंट कोंडून घेतलाय. बी-७चं प्यादं फुकट दिसतंय. तुम्ही काय खेळाल? बहुतेक जण प्यादं मारतील, आणि ते चूक नाही, एक प्यादं वर राहतंच, पण काळा बी-४ वर वजिराने शह देतो, वजिरांची मारामारी होते आणि हल्ल्यातली हवा जाते. मॉर्फीने घोडा सी-३ वर काढला, बस. पुढे बी-५ वर घोडा दिला, डी-७ वर हत्ती दिला, शेवटी बी-८ वर वजीरही दिला आणि उरलेल्या एका हत्ती-उंटाने मात केली. मात होते तेव्हा काळ्याचा एफ-८चा उंट आणि एच-८चा हत्ती जागचे हललेलेसुद्धा नसतात!! हे कुणी सांगून कळणं वेगळं आणि बी-७चं प्यादं लिहून कागद सरकवल्यावर कळणं वेगळं, ते विसरत नाही माणूस.

जुनेच डाव का, तर त्यात समोरचा चूक करतो आणि शिक्षा पटावर दिसते. आजच्या ग्रँडमास्टर्सच्या डावात दोघांनाही धमकी आधीच दिसलेली असते म्हणून ती पटावर येतच नाही, आणि आपल्याला वाटतं हा उंट उगाच मागे घेतला. ते डाव रेटिंग १६०० वगैरे झाल्यावर. आणि इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कम्प्युटर प्रोग्राम, शेवटी लावा, आधी नाही. तुमची चाल वेगळी आली तर ती का चालली नसती हे आधी स्वतः शोधायचं, एका ओळीत लिहायचं, मगच इंजिन. एका डावाला दीड तास लागला तरी लागू दे, त्या दिवशी ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) नाही खेळलात तर काही बिघडत नाही.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ला महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून चेसचं वेडच लागलंय. क्लासमध्ये ओपनिंगच्या लाइन्स, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करून घेतात. आम्हाला घरी कुणाला खेळता येत नाही, तिला घरी काय द्यावं?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, एंडगेम द्या, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा. पटावर सोंगट्या कमी असतात, त्यामुळे एकटी बसूनही तिला हिशोब करता येतो. राजा-प्यादं विरुद्ध राजा हे आधी पक्कं होऊ दे. मग तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका (पांढरा) विरुद्ध टार्टाकोवर (काळा), न्यूयॉर्क १९२४, यातली ३५व्या चालीपासूनची पोझिशन मांडून द्या. हत्तींचा एंडगेम आहे. कापाब्लांका सी-३चं प्यादं शहासकट खाऊ देतो, मग एफ-४चंही, आणि राजा चालत जी-३, एच-४, जी-५ करत थेट एफ-६ वर नेऊन बसवतो. वाटेत काळ्याचं एफ-५चं प्यादं मारता येत असतं, तेही मारत नाही, कारण तेच प्यादं त्याच्या राजाला मागून येणाऱ्या शहापासून झाकतं. मग एच-८ वर हत्तीने मात करायची धमकी उभी राहते आणि काळ्याची प्यादी एकेक करून पडायला लागतात.

तुम्हाला खेळता येत नसलं तरी तिला एवढंच विचारा, "राजा पुढे का गेला, आणि ते प्यादं का नाही खाल्लं?" तिला उत्तर देता आलं की पुढचा डाव काढा. क्लास बंद करायची गरज नाही, फक्त सरांना विचारून बघा की आठवड्यातला एक तास एंडगेमला देतील का.