जॅक उचलेल, पण धरणार कोण?

घरच्या घरी दुचाकीचं काम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न पाहिले तर निम्मे चेन, ब्रेक किंवा टायरवरून सुरू होतात आणि एकाच जागी अडतात: गाडी उचलायची कशी? म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय. स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५०चं १९५. कारच्या साध्या जॅकला यातलं काहीच जड नाही. घरी गाडी पडते ती वजन न पेलल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा ती आडवी कलंडते.

माझ्या १५० सीसी गाडीला कारच्या डिकीतला जॅक चालेल का? अंगणात शहाबादी फरशी आहे. (विश्रामबाग, सांगली)

चालेल, पण आधी फरशीचं बघू. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरची फरशी कुठे ना कुठे पोकळ राहतेच. पान्याच्या दांड्यानं ठोकून बघा. बद्द आवाज आला तर ती जागा सोडा. जॅकचा तळ हाताच्या पंजाएवढा असतो आणि सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो. पोकळ फरशी तडकली की जॅक एका बाजूला खचणार आणि गाडी त्याच्यामागं जाणार. ठोकून खात्री झाल्यावरही जॅकखाली दीड फूट बाय दीड फुटाचं जाड प्लायवूड घाला. पेव्हर ब्लॉक असतील तर प्लायवूडशिवाय नकोच.

आता वरची बाजू. टॉर्च घेऊन गाडीखाली बघा. इंजिनाखालून फ्रेमच्या दोन नळ्या जात असतील तर भार त्या दोन्हींवर एकदम यायला हवा. जॅकचं डोकं अरुंद असतं, ते मधोमध टेकवलं तर गाडी त्याच्यावर डोलते. म्हणून डोक्यावर दोन्ही नळ्यांना पोचेल अशी बाभळीची किंवा सागाची फळी आडवी ठेवा, वर जुन्या ट्यूबचा तुकडा. पेटीची फळी नको, ती उभी चिरते. शाईन, युनिकॉर्नसारख्या डायमंड फ्रेमच्या गाड्यांत इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो आणि खाली नळ्या नसतात. तिथं जॅक लावण्याची वेळ आलीच तर रुंद फळी इंजिनाच्या जाड, सपाट भागाखाली घ्या. ऑइलच्या ड्रेन बोल्टवर, फिल्टरच्या झाकणावर, बेंडपाईपवर (सायलेन्सरच्या इंजिनाकडच्या नळीवर) किंवा फूटरेस्टवर कुठल्याही गाडीत भार देऊ नका.

आणि किती उचलायची? चाकाखालून जाड पुठ्ठा सरकला की पुरे. त्याच्यावर दिलेला प्रत्येक फेरा गाडीचा तोल बिघडवतो, बाकी काही मिळत नाही.

तुमच्या गाडीला मेन स्टँड असेल आणि काम मागच्या चाकाचं असेल तर मात्र हे सगळं वाचून विसरा. मेन स्टँड लावा, जॅक डिकीतच राहू द्या.

बाटली जॅक जास्त दणकट असतो ना? मग तो का नको? (पलूस)

दणकट आहे, पण बहुतेक बाटली जॅक बसलेल्या अवस्थेतच १८० मिलिमीटरच्या आसपास उंच असतात. क्लासिक ३५०चा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. घालणार कुठून? शिवाय डोकं रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं, आणि सील जुनं झालं की रात्रभरात हळूहळू खाली बसतो. ट्रॅक्टरच्या कामाला ठेवा.

बुलेटचं पुढचं चाक पंक्चर आहे. चाक काढून दुकानात न्यायचंय. गाडी मेन स्टँडवर आहे, पुढं जॅक लावला तर गाडी स्टँडवरून उतरेल अशी भीती वाटते. (इस्लामपूर)

भीती बरोबर आहे, आणि हा प्रश्न सगळ्यांनी नीट वाचावा असा आहे.

मेन स्टँड मिटतो तो गाडी पुढं सरकली की. पुढचं चाक काढताना आपण नेमका पुढूनच जोर लावत असतो: एक्सल ओढतो, चाक हिसकतो. म्हणून पहिलं काम, स्टँडचा आडवा दांडा आणि फ्रेमची पुढची नळी एका मजबूत पट्ट्यानं एकमेकांना आवळून बांधा. मग स्टँड मिटूच शकत नाही. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा उत्तम, तो नसेल तर जुन्या ट्यूबची रुंद पट्टी दुहेरी करून.

दुसरं, एक्सलचा नट आणि एक्सल चिमटून धरणारे पिंच बोल्ट असतील तर तेही गाडी उचलण्याआधीच, चाक जमिनीवर असताना, अर्धा फेरा सैल करा. हवेतल्या गाडीवर लांब पाना घालून घट्ट बसलेला नट हिसकणं हे घरी गाडी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. जोडतानाही तेच: शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर.

आता इंजिनाच्या पुढच्या भागाखाली, फ्रेमवर, फळीसह जॅक लावा आणि हळूहळू चढवा. गाडी मेन स्टँडभोवती मागं झुकेल आणि मागचं चाक जमिनीला टेकेल. म्हणजे आता गाडी स्टँडचे दोन पाय, मागचं चाक आणि पुढचा जॅक यांच्यावर बसली आहे. कुठलीही गाडी उचलताना स्वतःला हाच प्रश्न विचारा: ही आत्ता कशाकशावर टेकली आहे? निदान तीन ठिकाणं हवीत, तीही एका रेषेत नकोत, तिवईच्या पायांसारखी पसरलेली हवीत. दोनच मोजता आली तर पाना खाली ठेवा.

मागचं चाक टेकलं की जॅकशेजारी लाकडी ठोकळे रचा आणि भार त्यांच्यावर येईपर्यंत जॅक किंचित उतरवा. ठोकळे एकावर एक उभे नकोत, आडवे-उभे आलटून पालटून रचा. विटा नकोत. वीट भार घेते, आणि मग न सांगता फुटते. चाक निघाल्यावर पुढचं वजन कमी होतं आणि गाडी आणखी मागं बसते, ते आपल्या फायद्याचं. पण चाक दुकानात नेण्याआधी डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला आणि पोरांना सांगून जा की ब्रेकचा लिव्हर कुणी दाबायचा नाही. दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, काढून ठेवलात तर तो तारेनं फोर्कला बांधा, नळीवर लोंबकळत ठेवू नका.

झोपाळ्याच्या कड्या असतील अशा पडवीत काम करत असाल तर आणखी चांगलं. हँडलखालच्या टी-ला (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या भागाला) पट्टा बांधून कडीतून ओढून घ्या, ताण न देता, फक्त ढिलाई काढून. गाडी त्या पट्ट्यानं उचलायची नाही. ती कलंडायला लागली तर पट्ट्यानं अडवायची आहे. पंख्याच्या हुकाला हे करू नका.

आमच्या भागात सपाट जागाच नाही, सगळा उतार. (सातारा)

साताऱ्यात हे व्हायचंच, अर्धं शहर अजिंक्यताऱ्याच्या पायाशी चढत गेलंय. तरी पार्किंगमध्ये, जिन्याखाली, कुठेतरी दोन मीटरचा सपाट तुकडा सापडतो. गवंड्याची पाणसळ ठेवून बघा, डोळ्यावर विश्वास नको. जॅक फक्त तिथंच लावायचा. निव्वळ मेन स्टँड लावायचा असेल आणि उतार अगदी हलका असेल, तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. तोंड उताराकडे असलं तर गाडी स्वतःच पुढं सरकून स्टँड मिटवते.

तुमच्याकडे जुनी प्रिया स्कूटरही आहे असं लिहिलंय. मग ती बहुधा तुमच्याच शहरात तयार झालेली, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात. तिला फ्रेमच्या नळ्या नाहीत, सगळा भार पत्र्याच्या बॉडीवर. त्या पत्र्याला जॅक लावलात तर खोलगट खड्डा पडेल आणि पुढं तिथंच गंज धरेल. जॅक नको, मेन स्टँड आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळा.

ड्यूकला मेन स्टँडच नाही. पॅडॉक स्टँड एकट्यानं लावता येतो का? (मिरज)

येतो, पण पहिले काही वेळा मित्राला उभं करा. (पॅडॉक म्हणजे बाहेरून लावायचा स्टँड, दांडा दाबला की चाक उचलणारा.) ब्रेकचा लिव्हर ट्यूबच्या पट्टीनं ओढून बांधायचा, गाडी साईड स्टँडवरून सरळ करायची, स्टँडचे दोन्ही कान चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) बॉबिनमध्ये, म्हणजे त्यावरच्या रिळासारख्या खुंट्यांत, बसलेत हे वाकून बघायचं, आणि मगच दांडा दाबायचा. एक कान बसलाय आणि दुसरा बसल्यासारखा वाटतोय, हीच पडण्याची वेळ. उतरवताना लोक आणखी गाफील असतात: काम झालं, दांडा सोडला, गाडी चाकावर आली आणि साईड स्टँड मिटलेलाच. उतरवण्याआधी तो बाहेर काढलाय का बघा. पुढचं चाकही उचलायचं असेल तर आधी मागचा पॅडॉक, मग पुढचा. उलटं कधीच नाही.

फक्त चेनला ऑइल द्यायचं असेल तर पॅडॉकचा खर्चही नको. गाडी साईड स्टँडवरच ठेवा, उजव्या बाजूनं फ्रेमखाली कात्री जॅक (कारच्या डिकीतला असतो तो) लावून मागचं चाक बोटभर सोडवा. पुढचं चाक, साईड स्टँड, जॅक: झाली तीन. चाक काढायला मात्र ही युक्ती वापरू नका.

मेन स्टँडवर गाडी पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवली की चेन पटकन साफ होते. धोका आहे का? (कुपवाड)

हो. फडकं चेन आणि स्प्रॉकेटमध्ये अडकतं, आणि फडक्यात बोटं असतात. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हातानं मागं फिरवा. वेळ पाच मिनिटं जास्त जाईल.

मुलगा फौजेत आहे, गाडी आठ-दहा महिने उभीच असते. चाकं वर उचलून ठेवावीत का? (अपशिंगे, जि. सातारा)

काका, जॅकवर महिनोन्‌महिने नको. मेन स्टँड लावा, म्हणजे मागचं चाक सुटतं. पुढच्या चाकात हवा थोडी जास्त भरा आणि महिन्यातून एकदा हातानं पाव फेरा फिरवा, टायर एकाच जागी बसणार नाही. स्टँडच्या पायांखाली फळी घाला. बॅटरी काढून घरात ठेवा आणि अधूनमधून चार्ज करून घ्या. उंदीर सीटखाली वायर कुरतडतात, तिकडेही लक्ष असू द्या. गाडी भिंतीला टेकवून ठेवू नका. कुणी येता-जाता धक्का दिला तर ती भिंतीच्या उलट बाजूला, म्हणजे माणसांच्या बाजूला पडते.

पुराचं पाणी यायच्या आधी गाडी जॅक आणि ठोकळ्यांवर उंच करून ठेवली तर वाचेल का? (गावभाग, सांगली)

नाही. ऑगस्ट २०१९ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. दोन फुटांच्या ठोकळ्यांनी तिथं काय होणार? उलट पाण्यात टाकी आणि टायर गाडीला वर ढकलतात, प्रवाह आडवा ढकलतो, आणि ठोकळ्यावरची गाडी आधी पडते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. ४० ची बातमी आली की गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन लावा, ४५ ची वाट बघू नका.

नेता आलीच नाही तर मेन स्टँड लावून, चाकातून साखळी घालून खांबाला बांधा आणि बॅटरी काढून घ्या. पाणी ओसरल्यावर बटण दाबायचं नाही, किक मारायची नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, ड्रेन बोल्ट काढून ऑइल भांड्यात सोडा. ते दुधाळ निघालं तर इंजिनात पाणी गेलंय. अशा वेळी स्पार्क प्लग काढून आत साचलेलं पाणी बाहेर पडू द्या, एअर फिल्टर बदला, स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ इंजिन चालवा आणि ते लगेच काढून टाका. दुसऱ्यांदाही दुधाळ आलं तर तिसऱ्यांदा. स्वच्छ निघायला लागलं की मगच चांगलं ऑइल भरा.